गोळ्यातलं चौथं पत्र

आमच्या मोक्रोवित्समध्ये युरोपचा इतिहास नेहमी संध्याकाळच्या गाडीने येतो. व्हिएन्नात, पॅरिसमध्ये, बर्लिनमध्ये नाहीतर मॉस्कोत कुणीतरी थोर माणूस विचार करतो. तिकडून निघतो तेव्हा तो विचार असतो. आमच्या स्टेशनवर उतरेपर्यंत त्याचं परिपत्रक झालेलं असतं. परिपत्रक नगरभवनाच्या दारावर चिकटवतात. लोक ते वाचतात, आता टोपी कुणाला पाहून काढायची एवढं त्यातून समजून घेतात आणि बिअर प्यायला जातात.

हे मी कुत्सितपणे लिहितोय असं वाटेल. तसं वाटलं तर चूक माझीच असणार. पण मी या गावचा बखरकार आहे. आमच्या देशात प्रत्येक गावाला बखर ठेवावीच लागते, तसा कायदाच आहे, आणि जवळजवळ पन्नास वर्षं हे काम माझ्याकडे आहे. ती परिपत्रकं मीच उतरवून घेतली आहेत, सुवाच्य अक्षरात.

आमच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर, अगदी टोकाला, एक तांब्याचा गोळा आहे. मोठ्या भोपळ्याएवढा, सोन्याचा मुलामा दिलेला. मनोऱ्याचं छप्पर गळायला लागलं की हा गोळा खाली उतरवतात. त्यात एक नळी असते आणि नळीत मागच्या पिढ्यांनी पुढच्यांसाठी लिहिलेली पत्रं. ती काढतात, आपल्या काळाचं एक पत्र त्यात घालतात, नळीचं तोंड कथलाने झाळून बंद करतात आणि गोळा परत वर चढवतात. गेल्या वर्षापर्यंत त्यात चार पत्रं होती: १७८७चं, १८६९चं, १९२७चं आणि १९७६चं. चौथं माझं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात छप्पर गळायला लागलं आणि नगराध्यक्ष श्टिका माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, खुशखबर! गोळा उतरतोय. सप्टेंबरात. चौकात मंच, बँड, टीव्हीवाले. एकेक पत्र मोठ्याने वाचायचं, आणि सगळ्यात शेवटी तुमचं गुप्त पत्र!"

"एवढा गाजावाजा कशाला," मी म्हणालो. "छप्पर काय, गोळा न उघडताही दुरुस्त होईल."

"तुमचा हा विनय कधी जाणार, मास्तर?" असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. राडोव्हान श्टिका माझे विद्यार्थी. मी त्यांना इतिहास शिकवला, आणि त्यांनी त्यातून नेमका तो भाग उचलला जो मी शिकवला नव्हता. अठ्ठ्याऐंशी साली ते कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघाचे चिटणीस होते, कोटावर लाल बिल्ला. एकोणनव्वदच्या डिसेंबरात त्याच कोटावर देशाच्या झेंड्याची तिरंगी फीत होती. आता त्या जागी निळा बिल्ला आहे, युरोपीय संघाच्या सोनेरी ताऱ्यांचा. कोट बहुधा तोच असावा.

गुप्त पत्र असं काही नव्हतं. ते सांगायचं तर एकोणनव्वदच्या डिसेंबरात जावं लागेल.

तेव्हा कम्युनिस्ट राजवट कोसळली होती आणि अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं होतं. कुणाकुणाला पदावरून काढायचं याची चर्चा चालली होती, आणि माझ्यापर्यंत यायला तिला फार वेळ लागला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "हा क्रेपेल्का एमिलच्या खुर्चीवर बसला! त्याची बखर जाळा!"

ते खरं होतं. एमिल वाशिचेक आमच्या शाळेत इतिहास शिकवायचा. अडुसष्ट साली मॉस्कोच्या हुकमाने परकी रणगाडे आमच्या देशात शिरले. दोन वर्षांनी तपासणी समितीने सगळ्या शिक्षकांना एका कागदावर सही करायला सांगितलं, की ते रणगाडे मदतीला आले होते. एमिलने सही केली नाही. त्याला शाळेतून काढून दुधाच्या कारखान्याच्या बॉयलरवर कोळसा ओढायला लावलं. मी तेव्हा शाळेच्या ग्रंथालयात होतो, माझी सही झाली होती, आणि त्याचे तास मला मिळाले. वर्गात फळ्याच्या वर एक चौकट होती. तिच्या आतलं राज्यकर्त्याचं चित्र दर थोड्या वर्षांनी बदलायचं. खिळा बदलला नाही. मीही बदललो नाही.

तर त्या सभेत श्टिका मंचावर होते, तिरंगी फीत लावून. त्यांना आपला मोठेपणा दाखवायचा होता. ते म्हणाले, "मित्रांनो, बखर तपासली जायची, तिच्यात खरं कसं लिहिणार? पण मनोऱ्यावरच्या गोळ्यात कोण डोकावतंय? मास्तर, तिथे तरी तुम्ही खरं ठेवलं असेल ना?"

सगळा हॉल माझ्याकडे पाहायला लागला. मी मान हलवली.

मग शेवटच्या रांगेतून एक बाई उठली. एमिलची बायको दोब्रोमिला, औषधाच्या दुकानात असायची. एमिल सहा वर्षांपूर्वीच गेला होता. तिने विचारलं, "एमिलचं नाव आहे त्यात?"

मी पुन्हा मान हलवली. पहिल्यांदा ती भीतीने हलली होती. दुसऱ्यांदा कशाने हलली ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर दर वर्षी बावीस मेला, म्हणजे कॅलेंडरात एमिल या नावाचा जो दिवस असतो त्या दिवशी, दोब्रोमिलाबाई माझ्याकडे ताटभर कोलाच घेऊन यायला लागल्या. कोलाच म्हणजे गोल, मऊ, मध्ये खळगा असलेला पाव. खळग्यात आलुबुखारचं घट्ट गोड सारण. त्या बसायच्या, माझी टर उडवायच्या, "खा रे ओतमार, वाळून चाललायस," म्हणायच्या आणि निघताना मनोऱ्याकडे बघून हात हलवायच्या. माझ्याकडे दुसरं कुणी येणारं नाही. चौतीस वर्षं मी ते कोलाच खाल्ले. छान असायचे.

आणि गोळ्यात खरोखर काय होतं, तर सांगतो.

शहात्तर साली पक्षाच्या सचिवाने मला सकाळी बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत पत्र मागितलं. मी नळीतली जुनी पत्रं घरी नेऊन वाचली. त्यातलं सगळ्यात जुनं, १७८७चं, जर्मनमध्ये होतं. गावच्या लेखनिकाने सम्राट जोसेफ दुसरा याच्या गुणगानासाठी लिहिलं होतं. हे सम्राट बुद्धिवादी. त्यांनी भूदासांना मोकळं केलं, मठ बंद केले आणि लाकूड वाचावं म्हणून तळाला दार असलेली शवपेटी वापरायचा हुकूम काढला. प्रेत खड्ड्यात सोडायचं आणि पेटी पुढच्यासाठी परत आणायची. लोक असे भडकले की तो हुकूम वर्षभरात मागे घ्यावा लागला. लेखनिकाने मात्र त्याचीही स्तुती केली होती. त्याचं पत्र असं सुरू व्हायचं: "शतकांचा अंधार सरला. आमच्या डोळ्यांवरची पट्टी गळून पडली." आणि असं संपायचं: "ओढ्यावरचा पूल पुढच्या वसंतात."

मग मी १८६९चं उघडलं. त्यात सम्राटाच्या जागी राष्ट्र आणि राज्यघटना होती. ते लिहिणारे गृहस्थ न्याहारीच्या वेळी जर्मन बोलायचे आणि जेवताना राष्ट्रभक्त असायचे. सुरुवात: "शतकांचा अंधार सरला." शेवट: "ओढ्यावरचा पूल पुढच्या वसंतात." १९२७च्या पत्रात प्रजासत्ताक, लोकशाही आणि दात घासण्याचे फायदे होते. अंधार सरलेला होताच. पट्टीही गळालेली होती. पूल पुढच्या वसंतात.

मला तेव्हा हसू यायला हवं होतं. पण माझ्या मनात काय आलं सांगू? मला हायसं वाटलं. मी स्वतःचं वाक्य लिहिलं असतं तर ते चुकायची शक्यता होती. ही वाक्यं तीन राजवटींनी पास केलेली होती. मी सम्राटाच्या जागी पक्ष घातला, बुद्धीच्या जागी विज्ञाननिष्ठ समाजवाद घातला, शवपेटीच्या जागी दुधाचा कारखाना घातला आणि बाकी तसंच उतरवून काढलं. पुलासकट. एमिल त्या वेळी त्याच कारखान्यात कोळसा ओढत होता. त्याच्याबद्दल मी एक शब्दही लिहिला नाही. सचिवाने पत्र वाचलं, खाली सही ठोकली आणि म्हणाला, "क्रेपेल्का, तुमची शैली अगदी आजची आहे."

आता ते पत्र चौकात वाचलं जाणार होतं, दोब्रोमिलाबाईंच्या समोर.

मी आमच्या तांबटाकडे गेलो. कामिल द्राब, जाड बोटांचा, कमी बोलणारा माणूस. शहात्तर साली नळी झाळली होती ती त्याच्या वडिलांनी.

"कामिल," मी म्हणालो, "सत्तेचाळीस वर्षं झाली. एवढ्या पावसात आतले कागद कुजले असतील, नाही?"

"बापाचं झाळकाम आहे, मास्तर. थेंब शिरणार नाही."

"पण एखादी चीर..."

"बापाच्या कामात चीर?"

"नाही नाही, तसं नाही म्हणायचं मला."

"मग काय म्हणायचंय?"

काय म्हणायचं होतं ते सांगायची हिंमत असती तर मी त्याच्याकडे गेलोच नसतो. मोक्रोवित्समध्ये सगळं गळतं, शाळा, चर्च, नगरभवन. माझं पत्र तेवढं कोरडं राहणार होतं.

मग मी एक गोष्ट केली जी लिहायला मला लाज वाटते. माळ्यावरून माझा जुना टाइपरायटर काढला, पिवळे पडलेले कोरे कागद शोधले, आणि शहात्तर सालची तारीख घालून एक गुप्त पत्र लिहिलं. त्यात एमिल होता. कसा होता! कागद समोर ठेवल्यावर तो सिंहासारखा उभा राहिला, त्याच्या आवाजाने तपासणी समितीच्या खिडक्या थरथरल्या, आणि मी, अज्ञात बखरकार, अंधारातून सत्याची ज्योत पुढच्या पिढ्यांकडे देत होतो. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पत्राची घडी करून मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. रीत अशी आहे की नळी कापली की ती आधी बखरकाराच्या हातात देतात. पत्र बदलायला एक क्षण पुरे होता.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी चौक भरला होता. बँड होता, सॉसेज होते. चौकाच्या खालच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर, निळ्या पाटीवर सोनेरी तारे आणि होणाऱ्या पुलाचं चित्र होतं. ती पाटी तिथे तीन वर्षं आहे. तिच्या शेजारी ओढ्यावर दोन फळ्या आहेत, त्या बऱ्याच आधीपासून आहेत. दोब्रोमिलाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. निळा पोशाख, एमिलचा फोटो मांडीवर.

द्राबने नळी कापली. मी हात पुढे केला. श्टिकांचा हात आधी पोचला. टीव्हीचा कॅमेरा त्यांच्या बाजूला होता.

"चार!" ते ओरडले. "चार कागद! मास्तर, पहिला जर्मन आहे, तो तुम्ही वाचा."

मी वाचला. मला तो बदलून वाचता आला असता. जर्मन कुणाला येत होतं? पण घाबरट माणूस समोर लिहिलेलं असतं तेच वाचतो. "शतकांचा अंधार सरला," मी म्हणालो. शवपेटीवर लोक हसले. पुलावर तर टाळ्या पडल्या.

दुसरं श्टिकांनी वाचलं. "शतकांचा अंधार सरला. आमच्या डोळ्यांवरची..." ते थबकले.

"पट्टी!" चौकातून कुणीतरी ओरडलं.

"पट्टी गळून पडली," श्टिका वाचत राहिले. तिसऱ्याच्या वेळी सगळा चौकच म्हणत होता. "अंधार?" असं श्टिका विचारत आणि चौक उत्तर देई, "सरला!" "पूल?" "पुढच्या वसंतात!" सॉसेजवाला चिमटा आपटून ठेका धरत होता. आमच्या गावाने इतिहासाचा आनंद इतक्या मनापासून घेतलेला मी कधी पाहिला नव्हता.

मग माझं आलं. श्टिकांनी कागद उलगडला, पहिली ओळ मनात वाचली, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर त्यांचं सगळं आयुष्य दिसलं. क्षणभर तो चेहरा कुठल्याच पक्षाचा नव्हता. त्यांनी नळी उलटी करून हलवली. द्राबने आत बोट घातलं.

"रिकामी," द्राब म्हणाला.

"शतकांचा..." श्टिकांनी अगदी हळू वाचलं. या वेळी चौकाने साथ दिली नाही. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, पक्ष, समाजवाद, दुधाचा कारखाना, पूल. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. डाव्या बुटाची नाडी सुटली होती.

आणि मग श्टिकांना सुचलं. त्यांना नेहमी सुचतं.

"मित्रांनो!" ते गरजले. "कळलं का तुम्हाला? सम्राटाची स्तुती! शब्द न् शब्द! मास्तरांनी ती पक्षाच्या तोंडात घातली आणि पक्षाला कळलंसुद्धा नाही! अख्ख्या राजवटीची टिंगल, तिच्याच सचिवाच्या सहीने! हेच ते गुप्त पत्र!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की चर्चवरची कबुतरं उडाली. मी माइकपाशी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून गेलो. "अहो, तसं नाही," मी म्हणालो. "मला भीती वाटत होती. मी नुसतं उतरवून काढलं."

"ऐका!" श्टिकांनी मला मिठी मारली. "ऐका, किती हा विनय!"

बँड सुरू झाला.

माणसं पांगल्यावर मी चौकातल्या बाकावर बसलो होतो. दोब्रोमिलाबाई येऊन शेजारी बसल्या. फोटो अजून हातात होता.

"मला हल्ली ऐकू कमी येतं," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारते. एमिलचं नाव कुठल्या ओळीत होतं?"

माझी मान हलायला लागली होती. मी ती थांबवली.

"नव्हतं."

"कुठेच?"

"कुठेच नाही, दोब्रोमिलाबाई."

"मग टिंगल केलीस म्हणतात ती तरी?"

"तीही नाही. मला दुसरं सुचलं नाही."

समोर द्राबची माणसं मंचाच्या फळ्या उचलत होती.

"चौतीस वर्षं," मग त्या म्हणाल्या. "दर मे महिन्यात मी वर हात करायचे त्या भोपळ्याकडे. लोक म्हणायचे, म्हातारी वेडी झाली. आणि तू घरात बसून माझे कोलाच खायचास."

"हो."

"दोन-दोन घ्यायचास."

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटायची. पण खरं सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

मग मी खिशातलं बनावट पत्र काढून त्यांना दिलं. का दिलं ते सांगता येत नाही. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि मला वाटलं त्या रडतील. त्या हसायला लागल्या. वाईट हसू होतं ते.

"सिंह? एमिल? अरे, त्या दिवशी त्याला सर्दी झाली होती. माझा रुमाल घेऊन गेला होता, फुलाफुलांचा. समितीने विचारलं सही का करत नाही, तर म्हणाला, 'मी मुलांना काल वेगळं सांगितलंय. आज उलटं सांगितलं तर ती हसतील.' बस. एवढंच. नाक शिंकरलं आणि घरी आला. आणि त्यानंतर बारा वर्षं मला म्हणायचा, सही करायला हवी होती का गं?"

"हे मला माहीत नव्हतं."

"तू विचारलंस कधी? तारीख काय घातलीस ही? शहात्तर? फाड ते. नवीन लिही. आजची तारीख घाल."

पुढचे दोन आठवडे मी लिहीत होतो आणि त्या खोडत होत्या. औषधाच्या चिठ्ठ्या वाचायची सवय; एक जास्तीचं विशेषण त्यांना खपत नव्हतं. "'थोर' खोड. साधारण मास्तर होता तो, रागावला की शीळ घालायचा." "'सत्याची ज्योत' खोड. बॉयलर लिही. त्याच्या हातांना शेवटपर्यंत त्याचा वास होता." "इथे तू काय करत होतास ते लिही. नाही, असं नाही. त्याचे तास घेतले असं लिही." मान हलवल्याचा भाग त्यांनी तीनदा लिहून घेतला. प्रत्येक वेळी तो छोटा होत गेला. शेवटी एक पान उरलं. माझ्या सगळ्या बखरीत तेवढं एकच पान मला वाचवतं, आणि तेही मी एकट्याने लिहिलेलं नाही.

इकडे पाचव्या पत्राचा मजकूर तयार होता. श्टिकांच्या कार्यालयात संपर्क अधिकारी म्हणून एक चुणचुणीत बाई आहेत, त्यांनी तो बनवला होता. चौकात एवढं हसं झाल्यावर तरी सुरुवात बदलली असेल असं मला वाटलं होतं. बदलली होती. "अखेर आम्ही भूतकाळाच्या सावलीतून बाहेर आलो आहोत." त्यात शाश्वत विकास होता, डिजिटल नागरिक होता, सम्राटाच्या जागी युरोपचा निधी होता, आणि तळाला: "ओढ्यावरील सायकलपूल येत्या वसंतात खुला होईल."

"सही करा, मास्तर," श्टिका म्हणाले. "इथे. परंपरा आहे."

मी केली. माझा हात सहीला कधी अडलेला नाही. खिशात दुसरं पान होतं.

गोळा चढवायच्या दिवशी पुन्हा कॅमेरा आला. नवा मुलामा इतका चकाकत होता की त्यात सगळा चौक उलटा दिसत होता. मी जुनी चार पत्रं नळीत सरकवली, मग निळ्या फितीत बांधलेलं पाचवं. दोब्रोमिलाबाई द्राबच्या शेगडीपाशी उभ्या होत्या, थंडी वाजतेय म्हणून. द्राबने तापलेली डागणी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"जागा आहे अजून, मास्तर," तो म्हणाला, गरजेपेक्षा मोठ्याने. "काही राहिलंय?"

माझा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. मी खरंच सांगतो, तो बाहेर येणार नव्हता. दोब्रोमिलाबाईंनी माझ्या कोपराला धक्का दिला. त्या म्हणतात दिला नाही. पान बाहेर आलं.

"हे काय?" श्टिकांनी विचारलं.

"पत्र."

"कसलं पत्र?"

मला काही सुचेना, म्हणून मी खरं ते सांगितलं. "गुप्त."

लोक हसले. श्टिका कॅमेऱ्याकडे वळले. चौतीस वर्षं त्यांनी प्रत्येक पाहुण्याला, प्रत्येक शाळेच्या सहलीला सांगितलं होतं की मोक्रोवित्सच्या गोळ्यात गुप्त पत्र असतं. आता ते नाही कसं म्हणणार?

"अर्थात!" ते म्हणाले. "ही तर आपली परंपरा!" आणि ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल असं, "काय लिहिलंय त्यात?"

"एमिलचं नाव," मी म्हणालो. "माझं. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये कुणी विचारलं आणि कुणी मान हलवली, ते. त्याच्या आदल्या वर्षी विचारणाऱ्याच्या कोटावर काय होतं, तेही."

त्यांचं हसू कॅमेऱ्यासाठी तसंच चेहऱ्यावर राहिलं. ते काही बोलणार, तोवर कथील चुरचुरलं आणि एक पांढरा धूर निघाला.

"झालं," द्राब म्हणाला. "थेंब शिरणार नाही."

गोळा वर गेला. दोब्रोमिलाबाईंनी हात हलवला नाही. त्या मला न सांगता घरी गेल्या, आणि सबंध हिवाळा मला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या फुटपाथवर जायच्या. मी त्यांना दोष दिला नाही. बखर लिहीत राहिलो. नोव्हेंबरात दोन फळ्यांपैकी एक वाहून गेली, तेही लिहिलं.

या वर्षी बावीस मेला मी सकाळपासून खिडकीपाशी नव्हतो. म्हणजे, होतो. चार वाजता बेल वाजली. दारात दोब्रोमिलाबाई, हातात ताट, वर कापड.

"आत घेणार आहेस की इथेच उभी राहू?"

त्या बसल्या. मी कापड काढलं. कोलाच होते, गोल, मऊ, सोनेरी. प्रत्येकाच्या मध्ये खळगा होता, आणि प्रत्येक खळगा रिकामा.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर मनोऱ्याकडे पाहत होत्या.

"आणि सारण?" मी विचारलं.

"पुढच्या वसंतात," दोब्रोमिलाबाई म्हणाल्या. "खा."